विश्लेषण : तापाचा आकडा उतरवायचा की मुलाला सांभाळायचे?

पावसाळा सुरू झाला की बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत एक तक्रार सतत ऐकू येते : ‘डॉक्टर, ताप उतरतच नाही.’ मूल दीड-दोन वर्षांचे असते. रात्री तापमापी १०३ दाखवते, औषध दिल्यावर तासाभरात १०१ होते आणि पहाटे पुन्हा १०३. मग घरातले प्रत्येक जण आपापला उपाय सुचवू लागते. कुणी जास्त डोस द्यायला सांगते, कुणी दुसरी बाटली काढते, कुणी बर्फाच्या पट्ट्या ठेवते. लहान मुलांच्या बहुतेक तापांमध्ये ताप स्वतः जेवढे नुकसान करतो, त्याहून अधिक नुकसान तो उतरवण्याच्या या घाईतून होऊ शकते.

ताप हा आजार आहे का?

नाही. ताप हा शरीराचा प्रतिसाद आहे. विषाणू किंवा जिवाणूंचा संसर्ग झाला की मेंदूतील हायपोथॅलॅमस हे केंद्र शरीराचे ठरलेले तापमान वर सरकवते. त्या नव्या पातळीपर्यंत पोहोचण्यासाठी मुलाला हुडहुडी भरते, हातपाय गार पडतात आणि पोट-डोके मात्र तापलेले लागते. साधारणपणे १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानाला ताप म्हटले जाते. काखेत मोजलेले तापमान शरीराच्या आतील तापमानापेक्षा थोडे कमी दिसते, हेही लक्षात ठेवावे.

ताप चढतच जाऊन मेंदूला इजा करील, ही भीती घराघरांत आहे. प्रत्यक्षात संसर्गामुळे आलेल्या तापावर शरीराचेच नियंत्रण असते आणि तो १०६ अंशांच्या पुढे क्वचितच जातो. उष्माघाताची गोष्ट वेगळी. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात राहिलेल्या किंवा बंद मोटारीत अडकलेल्या मुलाच्या शरीराचे नियंत्रणच कोलमडते. तिथे शरीर तातडीने थंड करणे आणि रुग्णालय गाठणे हाच उपाय असतो. तापाचे औषध उपयोगी पडत नाही.

मग आकड्याची एवढी भीती का?

अमेरिकेतील डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ बार्टन श्मिट यांनी १९८० मध्ये या भीतीला ‘फीवर फोबिया’ असे नाव दिले. साध्या तापालाही पालक फार घाबरतात आणि गरज नसताना त्यावर उपाय करत राहतात, हे त्यांनी दाखवले. चार दशकांनंतरही ती भीती गेलेली नाही.

या भीतीच्या मुळाशी बहुतेकदा झटक्यांची धास्ती असते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी सुमारे २ ते ५ टक्के मुलांना तापात झटका येतो. दृश्य भयंकर असते, पण असे बहुतेक झटके काही मिनिटांत थांबतात आणि मागे कायमचे नुकसान ठेवत नाहीत. तापाचे औषध नियमित दिल्याने हे झटके टळत नाहीत, हेही अभ्यासांतून स्पष्ट झाले आहे. त्यामुळे ‘झटका येऊ नये म्हणून’ झोपलेल्या मुलाला उठवून औषध पाजण्यात अर्थ नाही.

झटका आलाच तर मुलाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला तर लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पहिलाच झटका असेल तर तो थांबल्यावरही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे.

औषध द्यायचे तर किती?

खरा धोका इथे आहे. मुलांसाठी पॅरासिटामॉल सुरक्षित आहे, पण योग्य मात्रेत. ही मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते : प्रत्येक किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचे अंतर हवे आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत.

गोंधळ होतो तो बाटल्यांमुळे. पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असलेले सिरप बाजारात मिळते, तसेच त्याच पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेलेही. तान्ह्या बाळांसाठीच्या थेंबांमध्ये तर बहुधा एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम औषध असते. समजा, मुलाचे वजन ११ किलो आहे. त्याचा डोस ११० ते १६५ मिलिग्रॅम. पहिल्या सिरपचे पाच मिलिलिटर त्याला ठीक. दुसऱ्याचे पाच मिलिलिटर म्हणजे कमाल डोसाच्या दीडपट. आणि थेंबांच्या बाटलीतले पाच मिलिलिटर म्हणजे ५०० मिलिग्रॅम, कमाल डोसाच्या तिप्पट. पॅरासिटामॉलचा अतिरेक यकृताला इजा करतो आणि त्याची लक्षणे पहिल्या दिवशी बऱ्याचदा दिसतही नाहीत.

त्यात ‘एक चमचा’ हे आपले माप. चहाचा चमचा वेगळा, पोहे खायचा वेगळा. औषधासोबतचे मापाचे झाकण किंवा बिनसुईची सिरिंज हेच खरे माप. सर्दीच्या काही औषधांतही पॅरासिटामॉल मिसळलेले असते; ते दिल्यावर तापाचे औषध पुन्हा दिले तर डोस दुप्पट होतो. आईने दिलेल्या डोसाची आजीला कल्पना नसते, तेव्हाही हेच घडते. प्रत्येक डोसाची वेळ आणि मात्रा कागदावर लिहून तो फ्रीजवर चिकटवणे, एवढ्याने ही चूक टळते.

कोणती औषधे टाळावीत?

निमेसुलाइड हे औषध १२ वर्षांखालील मुलांना देण्यावर भारतात २०११ पासून बंदी आहे. ते ताप पटकन उतरवते, ही त्याची ख्याती. यकृताला असलेला धोका हे बंदीचे कारण. अ‍ॅस्पिरिनही लहान मुलांना तापासाठी देऊ नये. विषाणूजन्य आजारात त्यामुळे राय सिंड्रोम हा दुर्मीळ पण जीवघेणा विकार होऊ शकतो. आयब्युप्रोफेन मुलांना देता येते, पण डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढत असल्याने आपल्याकडच्या पावसाळी तापात ते स्वतःच्या मनाने देऊ नये. दोन औषधे एकत्र किंवा आलटून-पालटून देण्याची पद्धतही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. रात्री तीन वाजता कोणते औषध कधी दिले, याचा हिशेब चुकतोच.

सर्दी-खोकल्याच्या सिरपबाबतचा धडा ताजा आहे. मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात २०२५ मध्ये दूषित खोकल्याच्या औषधामुळे २० हून अधिक मुलांचे मूत्रपिंड निकामी होऊन मृत्यू झाले. त्यातली अनेक मुले उपचारांसाठी नागपूरला आणण्यात आली होती. सुरुवात साध्या ताप-सर्दीने झाली होती. त्यानंतर केंद्रीय आरोग्य यंत्रणेने दोन वर्षांखालील मुलांना अशी औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना सहसा टाळावीत, असे बजावले. दोष भेसळीचा होताच. पण बहुतेक मुलांचा जो आजार आपोआप बरा होतो, त्यासाठी बाटलीची गरज होती का, हा प्रश्नही उरतो.

पट्ट्या, गोधडी आणि खाणे

बर्फाचे किंवा गार पाणी अंगावर घातले की त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, मुलाला हुडहुडी भरते आणि आतली उष्णता आतच राहते. कोलनवॉटर किंवा स्पिरिट तर वापरूच नये; ते त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जाते. कोमट पाण्याने अंग पुसल्यावर मुलाला बरे वाटत असेल तर पुसावे; ते रडत असेल तर थांबावे. उलट टोकाला, घाम यावा म्हणून गोधड्यांत गुंडाळणेही चुकीचेच. सुती, सैल कपडे आणि खेळती हवा पुरेशी.

दोन दिवस मूल जेवले नाही तर बिघडत नाही, पण पाणी पोटात गेलेच पाहिजे. अंगावरचे दूध, पेज, वरणाचे पाणी, ताक, नारळपाणी थोडे थोडे करून देत राहावे. लघवी नेहमीसारखी होते आहे का, हे तापमापीपेक्षा अधिक सांगून जाते.

ताप उतरला म्हणजे धोका टळला?

डेंग्यूत नेमके उलटे घडू शकते. सर्वांत धोक्याचा काळ बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप उतरत असताना येतो. आकडा ९९ वर आला म्हणून घर निश्चिंत होते आणि त्याच वेळी पोटदुखी, सतत उलट्या, थंड हातपाय, हिरड्यांतून रक्त किंवा ग्लानी सुरू होते. केवळ आकड्यावर भरवसा ठेवणारे पालक इथे फसतात.

लहान मुलांच्या आजारांसाठी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी आखलेल्या आणि भारतातील आरोग्य कर्मचाऱ्यांनाही शिकवल्या जाणाऱ्या धोक्याच्या चार खुणा बोलक्या आहेत : मूल काहीच पिऊ शकत नाही, घेतलेले सगळे उलटून टाकते, झटके येतात, किंवा ते सुस्त अथवा बेशुद्ध आहे. या चारही खुणांमध्ये तापमानाचा आकडा नाही. त्यांत आणखी काही जोडाव्यात : धापा टाकणे किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, सात-आठ तास लघवी न होणे, मान ताठ होणे, दाबल्यावरही न मावळणारे लाल-जांभळे चट्टे. यांपैकी काहीही दिसले तर ताप १०० असो वा १०४, रुग्णालय गाठावे. तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ अंश ताप आला तरी तोच नियम. आणि मूल हसत-खेळत असले तरी ताप तीन दिवसांहून लांबला, तर तपासणी हवी.

जबाबदारी फक्त आईची?

मूल तापले की घरातल्या नजरा आईकडे वळतात आणि तिच्यावर ‘काहीतरी कर’ असा दबाव येतो. तोच दबाव पुढे डॉक्टरांवर येतो आणि गरज नसलेले इंजेक्शन किंवा प्रतिजैविक लिहिले जाते. हे बदलायचे तर यंत्रणेनेही हालचाल करायला हवी. प्रत्येक चिठ्ठीवर मुलाचे वजन, औषधाची तीव्रता आणि मिलिलिटरमधला डोस मराठीत लिहिलेला असावा. मुलांच्या पॅरासिटामॉल सिरपची तीव्रता देशभर एकच असावी, किंवा निदान ती बाटलीवर ठळक छापावी. औषध विक्रेत्याने वजन विचारल्याशिवाय बाटली हाती देऊ नये.

यासाठी एक सोयीची वेळ आधीच ठरलेली आहे. १६ ते २४ महिन्यांच्या वयात त्रिगुणी लशीचा बूस्टर दिला जातो आणि त्यानंतर अनेक मुलांना ताप येतो. लस टोचतानाच परिचारिकेने आईसोबत वडील आणि आजीलाही मात्रा व धोक्याच्या खुणा समजावून सांगाव्यात. त्याला पाच मिनिटे लागतात. पुढचा ताप येईल तेव्हा घरातल्या साऱ्यांचे लक्ष तापमापीऐवजी मुलाकडे असेल, तर ती पाच मिनिटे कारणी लागली म्हणायची.