मिनिटाआधीची वर्षे

धनुष्य श्रेष्ठ की बंदूक, हा वाद निघाला की मिनिटाचा हिशेब पुढे येतो. कसलेला इंग्रज तिरंदाज मिनिटाला दहा बाण सोडी. तेवढ्या वेळात तोड्याच्या बंदुकीचे एक-दोन बार निघाले तरी खूप. पावसाने तोडा विझला तर तेही नाहीत. हिशेब खोटा नाही. त्याची सुरुवात मात्र फार उशिरा होते. त्या एका मिनिटाआधीची दहा-बारा वर्षे कुणी धरतच नाही.

ती वर्षे ‘मेरी रोझ’वर सापडतात. आठव्या हेन्रीचे हे लढाऊ जहाज १५४५ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याशी बुडाले. १९८२ मध्ये त्याचा सांगाडा वर काढला. आत शंभराहून अधिक अख्खी धनुष्ये निघाली, पुरुषभर उंचीची. बहुतेक ओढायला पंचेचाळीस किलोंच्या वर जोर लागत असावा. सोबत माणसांची हाडेही होती. खवाट्याचे टोक विशीच्या आसपास मुख्य हाडाला जुळून जाते. इथे बऱ्याच जणांत ते सुटेच राहिले होते. वाढत्या वयात रोज धनुष्य ओढल्याने हाडाला जुळायला उसंतच मिळाली नाही, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

तर्काला कायद्याचा आधार आहे. याच हेन्रीच्या राज्यात सात वर्षांच्या मुलाला धनुष्य आणि दोन बाण देणे बापावर बंधनकारक होते. त्याच्याही आधी, १३६३ मध्ये, तिसऱ्या एडवर्डने सणासुदीला इतर खेळ बंद करून तिरंदाजी सक्तीची केली होती. सक्ती पुन्हा पुन्हा करावी लागते, याचा अर्थ लोक ती टाळत होते. त्यांना दोष कसा द्यायचा? खांदा त्यांचा होता.

बंदूक जिंकली ती इथे. गोळी चिलखत भेदत असे, तेही महत्त्वाचेच. पण दारू भरणे, गोळी ठासणे, तोडा लावणे हे नांगरामागच्या गड्याला काही आठवड्यांत शिकवता येई. बंदूकवाला पडला की त्याच्या जागी पुढच्या मोहिमेला दुसरा उभा राही. तिरंदाज पडला, तर कुठल्या तरी सात वर्षांच्या पोराची वाट पाहावी लागे.

सर जॉन स्माइथने १५९० मध्ये पुस्तक लिहून धनुष्याची बाजू हिरिरीने मांडली. पाचच वर्षांनी राणी पहिल्या एलिझाबेथच्या मंत्रिमंडळाने नागरी पथकांतली धनुष्ये काढून तिथे बंदुका देण्याचा हुकूम काढला.