सह्याद्री, रामटेक आणि पंतप्रधानपद

मराठी माणूस देशाचा पंतप्रधान का झाला नाही, हा प्रश्न महाराष्ट्रापेक्षा महाराष्ट्राबाहेर अधिक पोटतिडकीने विचारला जातो. भिलाईच्या रिसाली वसाहतीत पोलाद कारखान्यातील आजी-माजी मराठी अधिकाऱ्यांची बैठक जमली आणि बोलणे राजकारणावर आले, की तो निघतोच. उत्तरही ठरलेले असते : दिल्लीने होऊ दिले नाही. या उत्तरात तथ्य नाही असे नाही. तथापि ते फार सोयीचे उत्तर आहे. आणि ज्यांनी आपले अवघे आयुष्य परप्रांतात उभे केले, त्यांच्या तोंडी तर ते शोभतही नाही.

रिसालीला परप्रांत म्हणावे का, हाही एक प्रश्नच आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर आणि दुर्ग हे एकाच राज्यातील जिल्हे होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. सोव्हिएत संघाशी भिलाईच्या कारखान्याचा करार झाला तो २ फेब्रुवारी १९५५ रोजी, म्हणजे तेव्हाचे भिलाई नागपूरच्याच अमलाखाली होते. राज्य पुनर्रचनेने दुर्ग भोपाळला जोडले आणि विदर्भ मुंबईला. त्याच दिवशी द्विभाषिक मुंबई राज्याच्या मुख्यमंत्रिपदावर यशवंतराव चव्हाण आले. मराठी माणसाच्या पंतप्रधानपदाची कथा त्यांच्यापासूनच सुरू होते.

१९६२ च्या नोव्हेंबरात, चीनकडून झालेल्या मानहानीनंतर, नेहरूंनी चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून बोलावले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे महाराष्ट्र तेव्हापासून अभिमानाने सांगत आला आहे. अभिमान योग्यच, पण मदतीला धावून जाणारा पाहुणा असतो, घरधनी नव्हे, एवढे मात्र त्या वाक्यात नकळत मान्य केलेले आहे. संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र ही चारही मोठी खाती चव्हाणांनी सांभाळली. अशी कारकीर्द असलेले नेते देशात मोजकेच. तरीही १९६६ साली शास्त्रीजींच्या निधनानंतर नेतृत्वाची निवड झाली तेव्हा ते स्पर्धेत उतरले नाहीत; त्यांनी इंदिरा गांधींच्या पारड्यात वजन टाकले. त्या निवडणुकीत मोरारजी देसाई १६९ मतांनिशी पराभूत झाले. पण ते लढले, आणि अकरा वर्षांनी पंतप्रधान झाले. मागणे आणि न मिळणे यात मानहानी आहे, हा समज मोरारजींना कधीच नव्हता.

याच दोघांची गाठ पुन्हा पडली ती १९७९ च्या जुलैत. विरोधकांचे नेते या नात्याने चव्हाणांनी मोरारजी सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला. एकेकाळी मुंबईच्या मंत्रिमंडळात ज्यांच्या हाताखाली काम केले, त्यांच्याच विरुद्ध. जनता पक्ष फुटत गेला आणि १५ जुलैला मोरारजींनी राजीनामा दिला. राष्ट्रपती संजीव रेड्डी यांनी सरकार बनवण्यासाठी पहिले आमंत्रण दिले ते चव्हाणांना. पंतप्रधानपदाच्या एवढ्या जवळ मराठी नेता त्याआधी पोचला नव्हता. काही दिवसांतच चव्हाणांनी असमर्थता कळवली. संख्याबळ नव्हते, हे खरेच. पण संख्याबळ चरणसिंगांकडे तरी कुठे होते? २८ जुलैला त्यांनी शपथ घेतली, चव्हाण त्यांचे उपपंतप्रधान व गृहमंत्री झाले, आणि लोकसभेला सामोरे न जाताच २० ऑगस्टला त्या सरकारने राजीनामा दिला. चरणसिंग मात्र माजी पंतप्रधान म्हणून इतिहासात गेले.

त्या जुलैतला दुसरा मराठी माणूस महाराष्ट्राच्या स्मरणात क्वचितच येतो. जनता पक्ष ज्या दुहेरी सदस्यत्वाच्या वादावर दुभंगला, तो वाद धसास लावणाऱ्यांत अग्रभागी होते मधु लिमये. जन्म पुण्याचा, तुरुंगवास गोव्याच्या मुक्तीसाठी, आणि लोकसभेत चार वेळा निवडून आले ते बिहारमधून. दोनदा मुंगेरहून, दोनदा बांक्याहून. जातीच्या गणितावर चालते असे ज्या बिहारविषयी आपण उठता-बसता बोलतो, त्या बिहारने पुण्याच्या एका ब्राह्मणाला आपला खासदार मानले. लिमयेंनी मंत्रिपदही घेतले नाही, तेव्हा पंतप्रधानपदाचा प्रश्न नव्हताच. पण मराठी माणसाला उत्तर भारत स्वीकारत नाही, हा सिद्धान्त त्यांच्या चार विजयांपुढे टिकत नाही. चव्हाणांच्या पुतळ्यांना महाराष्ट्रात तोटा नाही. लिमयेंना आपले म्हणण्याची निकड मात्र आपल्याला भासली नाही.

नेहरूंपासून नरेंद्र मोदींपर्यंतच्या पंतप्रधानांपैकी नऊ जणांनी त्या पदावर असताना लोकसभेत उत्तर प्रदेशाचे प्रतिनिधित्व केले. त्यांतील बहुतेक तिथलेच. वाजपेयी मात्र ग्वाल्हेरचे. मराठी उत्तम समजणारे. बलरामपूर, ग्वाल्हेर, नवी दिल्ली, लखनौ असा त्यांचा मतदारसंघांचा प्रवास आहे. मोदींनी २०१४ साली वडोदरा सोडून वाराणसी ठेवली. इंदिरा गांधींनी १९८० मध्ये उलट रायबरेली सोडून मेडक ठेवले. मोरारजी सुरतचे राहिले, देवेगौडा कर्नाटकाचे; म्हणजे नियम लोखंडी नाही. पण शरद पवार १९९१ मध्ये नेतृत्वाच्या स्पर्धेत उतरू पाहून माघारी वळले, संरक्षणमंत्री झाले आणि १९९३ मध्ये पुन्हा मुंबईच्या मुख्यमंत्रिपदावर परतले. त्यांचे राजकारण दिल्लीत कितीही रंगले तरी त्याचे घर बारामतीतच राहिले. दिल्लीत बदलीवर आलेला अधिकारी आणि दिल्लीत घर केलेला अधिकारी यांतला फरक सरकारी वसाहतीत राहणाऱ्यांना समजावून सांगण्याची गरज नसावी.

१९९१ मध्ये पवारांच्या ऐवजी जे पंतप्रधान झाले, त्यांचे उदाहरण तर रिसालीकरांच्या अगदी जवळचे. पी. व्ही. नरसिंह राव १९८४ आणि १९८९ अशा दोन निवडणुका रामटेकमधून जिंकले होते. १९८४ साली त्यांना त्यांच्या स्वतःच्या हनमकोंड्याने नाकारले आणि विदर्भाने निवडले. हा तेलुगू माणूस मराठीत बोले. हरिभाऊ आपटे यांची कादंबरी त्याने तेलुगूत नेली होती. रामटेक-भंडाऱ्याकडून नोकरीसाठी भिलाईला आलेल्या कुटुंबांच्या गावाकडच्या नातलगांनी ज्याला मत दिले, तोच पुढे त्यांच्या कारखान्याचे भवितव्य ठरवणारा पंतप्रधान झाला. पोलादनिर्मिती खासगी उद्योगांना खुली झाली ती १९९१ मध्ये, किमतींवरचे सरकारी नियंत्रण उठले ते जानेवारी १९९२ मध्ये. भिलाईला स्पर्धेत उभे राहावे लागले ते तेव्हापासून.

म्हणजे मराठी मतदाराने पंतप्रधान घडवण्यास हात लावलाच नाही, असे नाही. लावला, तो दुसऱ्याच्या माणसासाठी, आणि त्यात त्याला काही वावगे वाटले नाही. मुंगेरच्या मतदाराने लिमयेंबाबत नेमके हेच केले होते. प्रश्न उरतो तो आपल्या नेत्यांचा. परक्या मतदारासमोर जाऊन मत मागण्याचे धाडस चव्हाणांना जमले नाही, पवारांनाही नाही. १९६३ मध्ये चव्हाण लोकसभेत प्रथम आले ते नाशिकहून, बिनविरोध. आणि अखेरीस सातारा. दरम्यान रिसालीत मराठी माणूस दुर्गच्या मतदार यादीत नाव घालून, शेजाऱ्याशी छत्तीसगढीत बोलून, मुलांना हिंदी माध्यमात शिकवून केव्हाच स्थिरावला होता.

२५ नोव्हेंबर १९८४ रोजी यशवंतरावांचे दिल्लीत निधन झाले. लोकसभेच्या निवडणुकीची धामधूम तेव्हा सुरू होती. पुढच्याच महिन्यात मतदान झाले आणि रामटेकने नरसिंह रावांना पहिल्यांदा लोकसभेत पाठवले.