मोजमापाची वही कोणाच्या हाती?

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झाला. तेव्हापासून या किनारपट्टीवर मोठ्या बांधकामांची जी रांग लागली आहे, ती सहजासहजी संपणारी नाही. जमिनीच्या मोबदल्यात सिडकोने उभारलेल्या कोळगावच्या जिल्हा मुख्यालयाचे उद्घाटन २०२१ मध्ये झाले. मालगाड्यांचा स्वतंत्र लोहमार्ग, मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्ग आणि विरार-डहाणू रेल्वेचे चौपदरीकरण यांची कामे याच पट्ट्यात निघाली. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेचे एक स्थानक बोईसरला आहे. त्यांवर कळस म्हणजे वाढवण बंदर. ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी मान्यता दिली आणि त्याच वर्षीच्या ३० ऑगस्टला पालघर येथे त्याची पायाभरणी झाली. या बंदरासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालावयाचा आहे आणि दहा किलोमीटरहून अधिक लांबीची लाटरोधक भिंत बांधावयाची आहे.

या कामांच्या बाजूने आणि विरोधात पुष्कळ लिहिले व बोलले गेले आहे. मच्छीमारांचा वाढवणला असलेला विरोध सर्वश्रुत आहे आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु या सर्व वादात एक प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. कामाला किती दगड, किती सिमेंट, किती पोलाद, किती मजुरी आणि किती दिवस लागतील हे अगोदर कोण ठरवतो? काम चालू असता त्यातले किती झाले हे कोण मोजतो? आणि त्या मोजणाऱ्यांत पालघर-बोईसरची मुले-मुली किती असतात? ज्या प्रदेशाने जमीन दिली, पाणी दिले आणि मजूर पुरवले, त्या प्रदेशाच्या हाती मोजमापाची वही मात्र अभावानेच आली, असे खेदाने म्हणावे लागते.

दुर्लक्षित व्यवसाय

हे काम करणाऱ्याला क्वांटिटी सर्व्हेअर म्हणतात. आपल्याकडे सामान्य समज असा की, वास्तुविशारद आराखडा काढतो, अभियंता बांधतो, आणि मधला हिशेब कोणीतरी कारकून ठेवतो. वस्तुतः हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. नकाशावरून प्रत्येक बाबीचे परिमाण काढणे, त्याला दर लावणे, निविदांची तुलना करणे, चालू देयके तपासणे, वाढीव कामांचा दर ठरवणे आणि शेवटी अंतिम हिशेब मिटवणे, एवढा त्याचा आवाका आहे. ब्रिटनमध्ये या व्यवसायाची संस्था १८६८ साली स्थापन झाली व १८८१ साली तिला राजसनद मिळाली. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशाला थोड्या पैशांत हजारो शाळा बांधावयाच्या होत्या. तेव्हा इमारत बांधून झाल्यावर खर्च मोजण्याऐवजी आधी खर्चाची मर्यादा ठरवून ती पाया, भिंती, छप्पर अशा घटकांत वाटून द्यावयाची, ही पद्धत तेथील शिक्षण खात्याने रूढ केली. खर्चाचे नियोजन या शास्त्राचा पाया असा शाळांच्या बांधणीतून घातला गेला, ही गोष्ट शिक्षकांनी तरी ध्यानात घेण्यासारखी आहे.

आपल्याकडे हा विषय तंत्रनिकेतनात आणि अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवला जातो, पण ‘एस्टिमेटिंग अँड कॉस्टिंग’ नावाचा एक पेपर एवढेच त्याचे स्थान. विद्यार्थी तो गुणांपुरता वाचतात. सार्वजनिक बांधकाम खात्यातील कनिष्ठ अभियंत्याला मात्र नोकरीच्या पहिल्याच दिवसापासून दरसूची आणि मोजमाप पुस्तिका यांच्याशी गाठ पडते. सरकारी पैसा तिजोरीतून बाहेर पडतो तो या पुस्तिकेत झालेल्या नोंदीच्या आधारे. नोंद खरी असेल तर रस्ता टिकतो. नोंद खोटी असेल तर पहिल्या पावसात खडी वर येते आणि लोक ठेकेदाराला शिव्या देतात. वहीत सही कोणी केली, याची चौकशी सहसा होत नाही.

हिशेबातले बारकावे

हे काम यांत्रिक आहे असे ज्यांना वाटते त्यांनी दोन-तीन उदाहरणे पाहावीत. बारा मिलिमीटर व्यासाच्या सळीचे वजन मीटरला सुमारे ८९० ग्रॅम भरते, दहा मिलिमीटरच्या सळीचे सुमारे ६२० ग्रॅम. नकाशात बारा आणि प्रत्यक्षात दहाची सळी घातली, तर तीस टक्के पोलाद गायब होते. काँक्रीट ओतल्यावर ही लबाडी डोळ्यांना दिसत नाही. ती पकडावयाची तर काँक्रीट पडण्यापूर्वी मोजपट्टी घेऊन उभा राहणारा माणूस पाहिजे. दुसरे उदाहरण वाळूचे. वाळू ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांच्या मापाने विकली जाते. किंचित ओलसर वाळू कोरड्या वाळूपेक्षा चौथा हिस्साभर फुगू शकते. पालघरसारख्या दमट हवेच्या भागात ओल्या वाळूचे ब्रास कोरड्या वाळूच्या भावाने घेणारा प्रत्येक खेपेला नकळत नुकसान सोसतो. गिलाव्याच्या मोजणीत अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या झरोक्याची वजावट करावयाची नाही, त्याहून मोठ्या पण तीन चौरस मीटरपर्यंतच्या खिडकीची एकाच बाजूने करावयाची, असे भारतीय मानकाचे नियम आहेत. ते ठाऊक नसलेला मालक ठेकेदाराशी उगाच भांडतो, किंवा उगाच जास्त पैसे देतो.

याहून महत्त्वाचा मुद्दा स्थानिक ज्ञानाचा आहे. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेतील काँक्रीटसाठी भारतीय मानक अधिक ताकदीचे मिश्रण आणि सळीवर ४५ मिलिमीटरचे आच्छादन मागते, तर साध्या हवामानात २० मिलिमीटर चालते. म्हणजे घाटावरच्या इमारतीचे अंदाजपत्रक जसेच्या तसे चिंचणी किंवा डहाणूला लावले, तर ते चुकणारच. तारापूर औद्योगिक वसाहतीतील रसायनयुक्त हवा, खाडीकाठची मऊ जमीन, जून ते सप्टेंबर पाण्याने भरणारे पाये, शिवाय नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागाने अनुभवलेले भूकंपाचे धक्के, या सर्वांची किंमत अंदाजपत्रकात कोठे ना कोठे धरावी लागते. येथे वाढलेल्या मुलाला ज्या गोष्टी पुस्तकाविना ठाऊक असतात, त्या बाहेरच्या तज्ज्ञाला ठेच लागल्यावर कळतात.

तारापूरचा धडा

तारापूरच्या अणुवीज केंद्राचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. १९६९ साली सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकन कंपनीने बांधून तयार अवस्थेत हाती दिल्या. त्या काळी ते अपरिहार्य होते. पुढे तिसरी व चौथी अणुभट्टी, प्रत्येकी ५४० मेगावॉटची, भारतीय अभियंत्यांनी उभारली. मार्च २००० मध्ये पहिले काँक्रीट पडले आणि पाच वर्षांच्या आत, मार्च २००५ मध्ये, चौथी अणुभट्टी कार्यान्वित होण्याच्या टप्प्याला पोहोचली. मोठ्या बांधकामात वेळ वाचवणे म्हणजे पैसा वाचवणे. नऊ टक्के व्याजाने शंभर कोटी रुपये उचलून उभारलेले काम पुरे होण्याच्या बेतात एक वर्ष रखडले, तर एक वीटही न वाढता नऊ कोटींचा भार वाढतो. म्हणून वेळापत्रक आणि खर्च ही दोन खाती एकाच माणसाच्या डोळ्यांखाली असावी लागतात.

याच प्रकल्पाची दुसरी बाजूही आहे. या दोन अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवावी लागली. त्यांच्या पुनर्वसनातील घरे आणि सोयी यांविषयीचा तंटा वर्षानुवर्षे चालला व उच्च न्यायालयापर्यंत गेला. अणुभट्टीच्या भिंतीतील प्रत्येक सळी काटेकोर मोजली जाते; विस्थापिताच्या घराच्या भिंती तितक्याच काटेकोरपणे मोजणारा माणूस त्याच्या बाजूने उभा नव्हता. बांधणाऱ्याकडे सर्व माहिती आणि राहणाऱ्याकडे काहीच नाही, अशी स्थिती असली की बाजार काय किंवा शासन काय, दोन्ही न्याय देण्यात अपुरे पडतात. अर्थशास्त्रात याला माहितीची विषमता म्हणतात. ती दूर करण्याचे एक साधन म्हणजे दोन्ही बाजूंना मोजता येणे.

अतिजलद रेल्वेचे उदाहरणही ताजे आहे. १४ सप्टेंबर २०१७ रोजी पायाभरणी झाली तेव्हा खर्चाचा अंदाज सुमारे १ लाख ८ हजार कोटी होता. पूर्ततेसाठी सांगितलेले २०२३ साल उलटून गेले, तरी काम चालूच आहे. भूसंपादनास किती काळ लागेल याचा अंदाज चुकला, तर सिमेंटचा अंदाज बरोबर येऊनही उपयोग होत नाही. वाढवणच्या बाबतीत तर अंदाज एक टक्क्याने चुकला, तरी ती रक्कम ७६२ कोटींची होते.

मध्यमवर्गाचाही प्रश्न

हा विषय केवळ बंदरे आणि अणुभट्ट्यांचा आहे असे मात्र नाही. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत धावू लागल्या आणि पालघर-बोईसरला मुंबईतील कारकुनांनी, शिक्षकांनी आयुष्याची पुंजी घालून घरे घेतली. स्थावर संपदा कायद्यानुसार ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. काम जेवढे झाले त्या प्रमाणातच, आणि अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल यांच्या प्रमाणपत्रावर, ती काढता येते. महारेराने ठरवलेल्या अभियंत्याच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात क्वांटिटी सर्व्हेअरचा स्वतंत्र उल्लेख आहे. म्हणजे अर्धवट राहिलेल्या इमारतीपासून कारकुनाचे पैसे वाचवणे हे अखेर या एका माणसाच्या प्रामाणिक मोजणीवर अवलंबून आहे.

जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी यांसारख्या आदिवासी तालुक्यांत पेसा कायद्याखालील गावांना आदिवासी उपयोजनेच्या निधीतील ५ टक्के थेट मिळतात. त्यातून होणारी समाजमंदिरे, विहिरी, पायवाटा ग्रामसभेने तपासाव्यात, अशी अपेक्षा आहे. ग्रामसभेत मोजपट्टी धरता येणारा एकही तरुण नसेल, तर ती तपासणी अंगठा उठवण्यापुरतीच उरते.

शंका आणि उपाय

येथे दोन शंका काढल्या जातील. पहिली ही की, आता संगणकच नकाशावरून परिमाणे काढतो, मग माणूस कशाला? शंका रास्त आहे. बेरीज-गुणाकारापुरते काम यंत्र घेईल, किंबहुना घेतही आहे. पण नकाशात जे काढलेच नाही, ते यंत्र मोजू शकत नाही. पायात अचानक लागलेला खडक, पावसात उपसावे लागलेले पाणी, दरसूचीत नसलेली बाब, यांचा निवाडा माणसालाच करावा लागतो. उलट आता ज्याला नुसती बेरीज येते त्याचे स्थान जाईल आणि ज्याला करार वाचता येतो त्याचे वाढेल. म्हणून या शाखेकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याने गणिताइतकेच भाषेकडेही लक्ष दिले पाहिजे. दुसरी शंका अशी की, प्रकल्प संपल्यावर या मुलांनी काय करावयाचे? श्रीलंकेचे उदाहरण याला उत्तर आहे. त्या छोट्या देशाने मोरातुवा विद्यापीठात या विषयाचे स्वतंत्र पदवी शिक्षण उभे केले आणि आज आखाती देशांतील बांधकामांवर श्रीलंकेचे क्वांटिटी सर्व्हेअर मोठ्या संख्येने आढळतात. विद्या एकदा हाती आली की ती प्रकल्पाबरोबर संपत नाही.

करावयाचे काय, ते अवघड नाही. पालघर आणि बोईसर येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, विक्रमगडला शासकीय तंत्रनिकेतन आहे. त्यांनी नोकरी करणाऱ्या पदविकाधारकांसाठी मोजमाप, दरविश्लेषण आणि करार यांचा एक वर्षाचा सायंकालीन अभ्यासक्रम सुरू करावा. निकमार ही बांधकाम व्यवस्थापनाची संस्था १९८३ पासून महाराष्ट्रात आहे. तिचे साहाय्य घेता येईल. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ साली झाला व पुढे त्यात पदविका आणि पदवीधारकांचाही समावेश झाला. जिल्ह्यातील प्रत्येक मोठ्या कामावर मोजमाप विभागात स्थानिक शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत, अशी अट निविदेतच घालण्यास काय हरकत आहे? नोकरीच्या आश्वासनात ‘स्थानिकांना प्राधान्य’ असे मोघम लिहिले जाते आणि त्याचा अर्थ पहारेकरी व मजूर असा होतो. कोणत्या विभागात, किती आणि किती काळ, हे लिहिल्याविना अशा प्राधान्याला किंमत नाही.

तिसरी गोष्ट नागरिकांची. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे नमुने घेण्याचा हक्क दिला आहे. तो वापरावयाचा तर अंदाजपत्रक वाचता आले पाहिजे. प्रत्येक सार्वजनिक कामाचा परिमाणवार गोषवारा मराठीत कामाच्या जागी लावण्याचा आग्रह ग्रामपंचायतींनी आणि नगरपरिषदेने धरावा. दहावीचा विद्यार्थी जे घनफळ वहीत काढतो, तेच त्याला शाळेच्या नव्या भिंतीवर काढून दाखवावयास शिक्षकांनी सांगावे. भिंत मोजून पाहण्याची सवय लागलेल्यांपैकी काहीजण पुढे हा व्यवसाय पत्करतील. जे पत्करणार नाहीत, ते निदान गावच्या कामाचा हिशेब विचारतील. वाढवणच्या भरावाचा पहिला दगड मोजला जाईल तेव्हा वही धरणारा या जिल्ह्यातला असावा, असे वाटत असेल तर त्याची तयारी आजपासूनच करावयास हवी.