जुनी इटालियन गाडी आणि आपण
(द्वितीय वर्ष कला)

गरिबाने जुनी मोटार घ्यायची म्हटली, की गावात सल्ला देणारे उदंड होतात आणि सर्वांचा सल्ला एकच असतो : ‘मारुती घे आणि डोळे मिटून घे.’ डोळे मिटूनच घ्यायची, तर दोन लाख रुपये उघड्या डोळ्यांनी कशाला मोजायचे, असा प्रश्न मला पडतो. आमच्या घरात पहिली चारचाकी यायची आहे. वडील नशिराबाद ते जळगाव आपे रिक्षा चालवतात. अठरा वर्षांच्या त्या रिक्षेतून दोन लाख शिल्लक पडले आहेत, आणि आजीला दर महिन्याला जळगावला डॉक्टरांकडे नेताना मे महिन्याचे ऊन आता तिला सोसत नाही. मागचे दार वर उघडणारी, गल्लीत मावणारी लहान गाडी, म्हणजे हल्लीच्या भाषेत हॅचबॅक, हवी यावर घरात एकमत आहे. कोणती, यावर नाही. माझे मत फियाट पुंटोला आहे. ते ऐकल्यावर वडील म्हणाले, “मजा करायले गाडी घेतो का तू?”

मित्रहो, या प्रश्नाचे माझे उत्तर ‘होय’ असे आहे, आणि ते उत्तर देताना लाजण्याचे कारण मला दिसत नाही. अर्थशास्त्राच्या तासाला आपण ‘उपयोगिता’ शिकतो. वस्तूपासून मिळणारे समाधान त्यात मोजतात. पण घरी आल्यावर आपण फक्त ‘घसारा’ मोजतो : विकायला काढली तर किती येतील? भरवसा आमच्या वाट्याला आणि मजा बंगलेवाल्यांच्या, ही वाटणी कोणी केली कोण जाणे!

शिवाय मजा म्हणजे वेग, असे मी मुळीच मानत नाही. मामांच्या परिचयातल्या एका गृहस्थांची पुंटो मी वाघूरच्या पुलापासून भुसावळपर्यंत चालवली आहे. साठ-सत्तरच्या पुढे काटा नेला नाही. परंतु शेजारून सोळा चाकी ट्रक गेला, तेव्हा गाडी जागची हलली नाही. वळणावर चाके काय करताहेत ते हातातल्या सुकाणूतून कळत होते. रस्ता चौपदरी झाल्यापासून आपल्या भागात वाहने कशी धावतात, हे रोज येजा करणाऱ्यांना सांगायला नको. हजार-अकराशे किलोंहून अधिक वजनाची, जमिनीला धरून चालणारी गाडी चालवताना जी मजा येते, तिचा मोठा भाग म्हणजे भीती नसणे. या बाबतीत मजा आणि भरवसा हे दोन शब्द मला एकाच गोष्टीचे वाटतात.

आता ‘इटालियन म्हणजे नाजूक आणि परकी’ हा दुसरा आक्षेप. वस्तुतः नशिराबादचा माणूस रोज इटालियन गाडीतच बसतो! आपे ही पियाजिओ या इटालियन कंपनीची गाडी. आपल्यासाठी ती बारामतीला तयार होते. इटालियन भाषेत ‘आपे’ म्हणजे मधमाशी आणि त्याच कंपनीच्या ‘वेस्पा’ स्कूटरचे नाव म्हणजे गांधीलमाशी. (वडिलांना हे सांगितले. ते म्हणाले, मध कुठे आहे ते दाखव.) वेस्पा आपल्याकडे बजाजने परवान्याखाली बनवली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडली आणि तीच पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून मुंबईची टॅक्सी झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली ती २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये. दिवसरात्र भाड्याने फिरून इतकी वर्षे टिकलेल्या गाडीला नाजूक म्हणणाऱ्याने एकदा मुंबईच्या जुन्या टॅक्सीवाल्याशी बोलावे.

परंतु जुन्या आठवणींवर दोन लाख लावता येत नाहीत, हे मलाही मान्य आहे. म्हणून मी इंजिनाकडे वळतो. कारण माझी सारी भिस्त त्यावर आहे. पुंटोचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन फियाटने ‘मल्टिजेट’ या नावाने काढले. त्यात डिझेल एकदम न फवारता एका फेरीत अनेक लहान लहान फवाऱ्यांनी सोडतात. त्यामुळे आवाज कमी आणि इंधनाचा पैसा वसूल. हेच इंजिन मारुतीने परवान्याखाली घेतले आणि २००७ पासून स्विफ्टमध्ये बसवले. पुढे डिझायर, रिट्झ, अर्टिगा, ब्रेझा यांतही तेच. टाटांच्या इंडिका व्हिस्टातही तेच, फक्त नाव क्वाड्राजेट. मोटारींवर लिहिणारे लोक त्याला थट्टेने राष्ट्रीय इंजिन म्हणत. १ एप्रिल २०२० पासून मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, तोवर ही इंजिने गावोगावच्या मिस्त्रींच्या हाताखालून गेली होती. तेव्हा ‘मारुतीच घे’ म्हणणाऱ्यांनी ज्या डिझेल स्विफ्टचे गोडवे गायले, तिचे हृदय इटालियनच होते! आमच्या महामार्गावरच्या मिस्त्रीला पुंटोचे बॉनेट उघडून दाखवले, तर तो बिचकत नाही. त्याला ते इंजिन पाठ आहे.

मात्र प्रत्येक फियाट घेण्याजोगी आहे, असा अर्थ कोणी काढू नये. १९९६ साली आलेली उनो आता छंदिष्टांनी सांभाळावी. २००१ ची पालिओ, जिची जाहिरात सचिन तेंडुलकर करीत असे, चालवायला फार गोड; पण तिचे पेट्रोल इंजिन खादाड म्हणून बदनाम झाले. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि तेवढ्या जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. पुंटोतसुद्धा १.२ लिटरचे पेट्रोल त्या जड अंगाला पुरत नाही. २०१५ साली आलेली १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो ही स्वप्नातली गाडी. ती स्वप्नातच बरी. आमच्या गल्लीत तिला पळायला जागा नाही आणि तिचे भाग आणायला आमच्याकडे पैसा नाही.

फियाटचा खरा कमकुवत दुवा लपवून ठेवला, तर हा लेख म्हणजे जाहिरात होईल. इंजिनाचे भाग मिळतात. अंगाचे मिळणे कठीण. फियाटने २०१९ च्या सुमारास भारतात आपल्या नावाच्या गाड्या विकणे थांबवले. रांजणगावचा कारखाना चालू आहे. पण तेथून जीप बाहेर पडतात. पुंटोचा पुढचा दिवा फुटला, दाराचे कुलूप बिघडले, सुकाणूची तेलाची नळी गळू लागली, तर भाग पुण्या-मुंबईहून मागवावा लागतो आणि तोपर्यंत गाडी उभी. वडिलांचा धंदाच गाडीवर. उभी गाडी म्हणजे काय, हे त्यांना माझ्याहून अधिक कळते. परंतु ही गाडी भाड्याची नाही. चार दिवस ती उभी राहिली, तर आजी पूर्वीसारखी आपेतून जाईल, चूल बंद पडणार नाही. आणि याच भीतीमुळे पुंटो स्वस्त मिळते. भुसावळला मी पाहिलेल्या २०१५ च्या डिझेल पुंटो इव्होला मालक एक लाख नव्वद हजार म्हणतो. त्याच सालच्या स्विफ्टला मला तीन लाख वीस हजार सांगितले गेले. मधला फरक एक लाख तीस हजारांचा. त्यातले तीस हजार दिवा, नळी, क्लच यांसाठी बाजूला बांधून ठेवले तरी एक लाख घरात राहतो.

साल मात्र पारखून घ्यायला हवे. पुंटो २००९ साली आली. पंधरा वर्षांनी खासगी गाडीची नोंदणी संपते. मग फेरतपासणी, पर्यावरण कर आणि परिवहन कार्यालयाच्या चकरा. म्हणून २०१० ची गाडी लाखाच्या आत मिळाली तरी ती महागच. २०१४ नंतरची पाहावी.

आणि पाहावी तीही दलालाच्या अंगणात नव्हे. जळगावात एका दलालाने मला पंचावन्न हजार किलोमीटर चाललेली म्हणून जी पुंटो दाखवली, तिच्या क्लचच्या पायपट्टीचे रबर झिजून लोखंड दिसत होते. काटा मागे फिरवता येतो. रबर कसे परत उगवणार? टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे; तेही खोटे बोलत नाहीत. या इंजिनात पट्ट्याऐवजी साखळी असते. तेल वेळेवर बदलले नसेल, तर ती सैल होते आणि गाडी थंड असताना सुरू केली की पहिले काही क्षण खडखडते. इंजिन तापले, की आवाज लपतो. म्हणूनच दलाल मंडळी गिऱ्हाईक येण्याआधी गाडी ‘जरा फिरवून आणतात’.

वडील अजून ‘हो’ म्हणालेले नाहीत. पण रविवारी रिक्षा बंद ठेवून भुसावळला यायचे त्यांनी कबूल केले आहे, सोबत आमचे मिस्त्रीही आहेत. मालकाला मी निरोप धाडला आहे, की आम्ही सकाळी आठला पोहोचू. तोपर्यंत कृपा करून गाडीची किल्ली फिरवू नका.