कॅप बसलीच नाही, हप्ता मात्र बसला!

दाढ ठणकायला लागते ती नेमकी शुक्रवारी रात्री. शनिवारी सकाळी तुम्ही गाल धरून स्टेशनजवळच्या चकचकीत क्लिनिकमध्ये शिरता. बाहेर 'फ्री चेकअप'चा बोर्ड असतो. खुर्चीतून उठेपर्यंत हातात कागद येतो : दोन रूट कॅनाल, दोन कॅप, चार फिलिंग, क्लीनिंग. खालचा आकडा बघून दाढेपेक्षा खिसा जास्त दुखायला लागतो. तेवढ्यात काउंटरवरून गोड आवाज येतो, "टेन्शन नका घेऊ, ईएमआय होतो ना. फक्त ओटीपी सांगा."

तुम्ही ओटीपी सांगता. पहिल्या रूट कॅनालनंतर दुखणं थांबतं. मग डॉक्टर बदलतात, अपॉइंटमेंट पुढे ढकलल्या जातात, नाहीतर एक दिवस शटरच खाली दिसतं. हप्ता मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेला कापला जातो. आता भांडायचं कुणाशी आणि कशावरून?

आधी नेमकं काय बदललंय ते बघू. आपल्या आईबाबांच्या पिढीत दाताच्या डॉक्टरकडे प्रत्येक सिटिंगचे पैसे द्यायची पद्धत होती. काम झालं, पैसे दिले, विषय संपला. आता पॅकेज असतं, पैसे आधी आणि काम नंतर. त्यात कर्ज आलं की व्यवहारात तिसरा माणूस येतो. फायनान्स कंपनी क्लिनिकला एकरकमी पैसे देऊन मोकळी होते, क्लिनिकची घाई संपते आणि कर्ज राहतं तुमच्या नावावर. म्हणजे काम अर्धवट राहण्याचा सगळा धोका तुमच्या डोक्यावर.

हे किती महागात पडू शकतं, ते अमेरिकेत दिसलं. घरपोच अलाइनर देणाऱ्या 'स्माइलडायरेक्टक्लब' या कंपनीने सप्टेंबर २०२३मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि डिसेंबरमध्ये गाशा गुंडाळला. ग्राहकांची ट्रीटमेंट मध्येच थांबली, 'लाइफटाइम' गॅरंटी संपली. पण ज्यांनी हप्त्यावर अलाइनर घेतले होते, त्यांना कंपनीने सांगितलं की हप्ते भरत राहा!

आपल्याकडे असं झालं तर? बहुतेक जण इथेच हात टेकतात. 'डॉक्टरविरुद्ध कोण लढणार? आपल्याला त्यातलं काय कळतं?' खरी गफलत इथे आहे. 'काम चुकीचं झालं' आणि 'काम झालंच नाही' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीत निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो, तज्ज्ञांचं मत लागतं, वर्षं जातात. दुसरीत प्रश्न साधा हिशेबाचा असतो. बिलावर कॅप आहे, तोंडात कॅप आहे का? रागाच्या भरात आपण दोन्ही एकत्र करतो. 'डॉक्टरने दुखवलं, नीट बोलले नाहीत, वर पैसेही घेतले' असं लिहितो आणि सोपी केस अवघड करून ठेवतो. पैसे परत हवे असतील तर आधी फक्त न झालेल्या कामाबद्दल बोला.

आणि या भांडणात तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार तुमच्या तोंडातच बसलाय. रूट कॅनाल पूर्ण झालं असेल, तर एक्स-रेमध्ये दाताच्या मुळांत भरलेल्या पांढऱ्या रेषा दिसतात. कॅप, इम्प्लांट, बहुतेक फिलिंगही दिसतात. शिवाय प्रत्येक दाताला नंबर असतो. ३६ म्हणजे खालच्या जबड्यातली डावीकडची पहिली मोठी दाढ, ४६ म्हणजे उजवीकडची. बिलावर नुसतं 'फिलिंग × ४' असेल, तर कोणत्या दातांची ते नंबरासकट लेखी मागा. अपवाद क्लीनिंगचा. ते झालं की नाही, हे काही महिन्यांनी कुणीच सांगू शकत नाही. तिथे अपॉइंटमेंटचे मेसेज आणि तारखाच कामी येतात.

पण हा साक्षीदार बदलतो. अर्धवट रूट कॅनालवरचं तात्पुरतं सिमेंट फार काळ टिकत नाही. आत जंतुसंसर्ग होऊ शकतो, दात तुटू शकतो. म्हणून 'केसचा निकाल लागेपर्यंत थांबतो' असं अजिबात करू नका. दुसऱ्या डॉक्टरकडे जाच. फक्त त्यांनी हात लावण्याआधी एक्स-रे आणि फोटो काढून घ्या आणि कोणत्या दाताचं काय झालंय, काय राहिलंय, हे तारखेसह लेटरहेडवर लिहून घ्या. पहिल्या डॉक्टरबद्दल मत मागू नका, नुसती नोंद मागा. मत द्यायला डॉक्टर कचरतात, नोंद द्यायला सहसा नाही. एकदा दुसऱ्याने काम पूर्ण केलं की पहिल्याने किती केलं होतं, हे सिद्ध करणं कठीण होतं.

क्लिनिकची बाजूही लक्षात घ्या. माप घेऊन लॅबमधून कॅप बनून आली आणि तुम्हीच चार महिने फिरकला नाहीत, तर लॅबचा खर्च त्यांनी का सोसावा? म्हणून सगळे पैसे परत मागण्यापेक्षा हिशेब मांडा. समजा पॅकेज ४० हजारांचं, त्यातलं त्यांच्याच दरपत्रकाप्रमाणे १५ हजारांचं काम झालं, तर मागणी २५ हजारांची. असा आकडा नाकारणं समोरच्याला जड जातं. आणि पावतीवर 'नॉन रिफंडेबल' छापलंय म्हणून न केलेल्या कामाचे पैसे आपोआप क्लिनिकचे होत नाहीत.

कायदा इथे तुमच्या बाजूने आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्येच स्पष्ट केलं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आल्यानंतर हा वाद पुन्हा न्यायालयात गेला, तेव्हा २०२२मध्येही उत्तर तेच राहिलं. याच कायद्यानुसार बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्यामुळे 'बिल नंतर देतो' हे ऐकून घेऊ नका.

आता हप्त्याचं काय? चिडून ऑटो-डेबिट बंद करावंसं वाटणं साहजिक आहे, पण फायनान्स कंपनीच्या लेखी तो थेट तुमचा डिफॉल्ट ठरतो. सिबिल स्कोअर घसरतो आणि उद्या बाइकचं किंवा शिक्षणाचं कर्ज अडतं. आधी कंपनीला लेखी कळवा की सेवा मिळालेली नाही, कर्ज रद्द करा किंवा क्लिनिककडून रक्कम वसूल करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. ग्राहक आयोगात क्लिनिकसोबत फायनान्स कंपनीलाही प्रतिवादी करता येतं आणि वसुली थांबवण्यासाठी अंतरिम आदेश मागता येतो.

तर क्रम असा ठेवा :

१. ट्रीटमेंट प्लॅन, बिल, एक्स-रे, कर्जाचा करार, सगळे मेसेज एका फोल्डरमध्ये ठेवा. फोनवर बोलणं झालं तरी लगेच 'आत्ता बोलल्याप्रमाणे...' असा मेसेज टाका.

२. क्लिनिकला ईमेल करा : झालेलं काम, न झालेलं काम, परत हवी असलेली रक्कम आणि १५ दिवसांची मुदत.

३. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ती निकाल देत नाही, मध्यस्थी करते. काही वेळा तेवढ्यानेही काम होतं.

४. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार 'ई-जागृती' पोर्टलवरून करता येते. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही आणि वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र दोन वर्षांची, ती चुकवू नका.

डॉक्टरच्या वागणुकीबद्दल तक्रार असेल, तर ती महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे. ही परिषद डॉक्टरवर कारवाई करू शकते, तुमचे पैसे मिळवून देत नाही. म्हणून ही वाट वेगळी ठेवा.

आणि पुढच्या वेळी? जे काम आज होणार आहे, तेवढ्याचेच पैसे आज द्या. दुखणाऱ्या दाढेला उपचार लगेच लागतो, पॅकेज लागत नाही. बाकीच्या दातांचा निर्णय दोन दिवस विचार करून आणि दुसरं मत घेऊन घेतला तरी चालतो.

डॉक्टर 'आ करा' म्हणाले की आपण निमूट तोंड उघडतो. बिल हातात आल्यावरही ते उघडायची सवय लावून घेऊ या!