सहा डिसेंबरची बातमी कोण लिहितो?

सात डिसेंबरची सकाळ आपल्या ओळखीची आहे. आदल्या दिवशी लाखोंचा समुदाय दादरला येऊन, तासन्‌तास रांगेत उभा राहून, चैत्यभूमीवर अभिवादन करून गेलेला असतो. शिवाजी पार्कवर पुस्तकांचे गठ्ठेच्या गठ्ठे विकले गेलेले असतात. आणि पेपरात आपल्या वाट्याला काय येते? वाहतूक कोंडी आणि कचरा. मग आपण मनुवादी माध्यमांना शिव्या घालतो आणि पुढच्या सहा डिसेंबरपर्यंत विषय सोडून देतो.

शिव्या अनाठायी आहेत असे आम्ही म्हणत नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू झाला तेव्हा पैसे देऊ केले असतानाही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. २०१९ साली ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी माध्यमांची पाहणी केली. त्यांनी तपासलेल्या १२१ प्रमुख संपादकीय पदांपैकी १०६ पदांवर उच्चवर्णीय होते, अनुसूचित जाती-जमातीचा एकही माणूस नव्हता. जात बातमीच्या आड येते याला आणखी पुरावा नको. प्रश्न पुढचा आहे. हे शंभर वर्षे माहीत असूनही आपण त्यावर कोणते कसब कमावले?

आमचीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही तिथे पुस्तकांच्या स्टॉलवर होतो. दुपारी एक तरुण पत्रकार आली. तिने तीनच प्रश्न विचारले. एकूण स्टॉल किती? सगळ्यात जास्त कोणते पुस्तक गेले? लांबून येऊन पुस्तके घेतलेल्या कुणाशी बोलता येईल का? आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. संघटनेची प्रेसनोट रात्री साडेदहाला गेली. तीन पानांपैकी दोन पाने मान्यवरांच्या नावांची, आणि पुस्तकांचा उल्लेख शेवटच्या ओळीत! कोणते रस्ते बंद, वाहतूक कुठून वळवली, ही माहिती मात्र तिच्याकडे सकाळीच पोहोचली होती. दुसऱ्या दिवशी कोंडीची बातमी छापून आली. त्यात जातीचा वाटा किती हे आम्हाला मोजता येणार नाही. आमच्या आळसाचा वाटा मात्र आम्हाला माहीत आहे.

जनसंपर्क म्हणजे गोड बोलणे आणि ओळखी काढणे, असा आपल्यात समज आहे. तो चुकीचा आहे. हा एक व्यवसाय आहे आणि तो सवयींवर चालतो. पहिली सवय मोजण्याची: किती, कुठे, कधी, कोण, हे कार्यक्रम चालू असतानाच वहीत उतरले पाहिजे. दुसरी वेळेची: पान लागून गेल्यावर पाठवलेले सत्य रद्दीत जाते. तिसरी लिहिण्याची: बातमी पहिल्या परिच्छेदात, मजकूर एका पानात, खाली फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर, सोबत फोटो आणि फोटोतल्या माणसांची अचूक नावे. चौथी सवय नात्याची: कोणता पत्रकार काय लिहितो हे रोज वाचायचे आणि आपले काम नसतानाही त्याला खरी माहिती द्यायची. पाचवी सगळ्यात अवघड. आपल्या हातून चुकीचा आकडा गेला तर आपणच फोन करून तो दुरुस्त करायचा. पाचशेची सभा पाच हजारांची सांगणाऱ्यावर दुसऱ्यांदा कुणी विश्वास ठेवत नाही.

हे काही परके नाही. १९१९ साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेब नुसता आक्रोश घेऊन गेले नव्हते, आकडेवारी घेऊन गेले होते. ‘बहिष्कृत भारत’चे रकानेच्या रकाने त्यांनी एकट्याने लिहून काढले. त्यांची पूजा आपण करतो, त्यांची शिस्त मात्र घेत नाही.

आता करिअरचे बोलू. राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयात जिल्हा माहिती अधिकारी आहेत. ही पदे लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. महापालिका, बँका, विद्यापीठे, रुग्णालये यांनाही जनसंपर्काची माणसे लागतात. खासगी एजन्सीत आरक्षण नाही. तिथे ओळख आणि इंग्रजीचा रुबाब चालतो. ज्याच्या मामाची ओळख नाही त्याने कामाची फाइल घेऊन जावे: विहारातल्या कार्यक्रमांच्या स्वतः लिहिलेल्या नोंदी, छापून आलेली कात्रणे, दोन्ही भाषांतला मजकूर. ही फाइल आजपासून तयार करता येते, त्याला कुणाची शिफारस लागत नाही.

काही कार्यकर्ते म्हणतील, हा तर भांडवलदाराची भलामण करण्याचा धंदा. आक्षेप खरा आहे, म्हणून त्याला टाळून जाणार नाही. गटारात उतरवलेला कामगार मरतो तेव्हा पहिला मजकूर कोण लिहितो? बहुधा ठेकेदाराच्या किंवा यंत्रणेच्या बाजूचा माणूस. तो लिहितो, ‘दुर्दैवी अपघात’. २०१३ च्या कायद्याने माणसाला सुरक्षा साधनांशिवाय गटारात उतरवणे हा गुन्हा आहे, आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली, हे त्या मजकुरात नसते. त्या खुर्चीत आपला माणूस असला तर सगळे बदलेल, असे भाबडे आम्ही नाही. वरिष्ठ त्याचेही वाक्य खोडतील. पण तो ‘अपघात’ या शब्दाला लेखी हरकत घेऊ शकतो, खोट्या मजकुरावर आपले नाव टाकायला नकार देऊ शकतो. आणि नकार देणाऱ्याला दुसरीकडे काम मिळवण्याइतके कसब हातात असावे लागते. कसब नसलेला माणूस सही करतो आणि घरी येऊन जयभीम म्हणतो. म्हणूनच या सवयी आम्हाला नोकरीपुरत्या वाटत नाहीत. त्या स्वाभिमानाची शिदोरी आहेत.

येत्या सहा डिसेंबरला प्रत्येक विहाराने दोन मुली, दोन मुले या कामासाठी मोकळी ठेवावीत. त्यांनी स्टॉल मोजावेत, लांबून आलेल्या वाचकांशी बोलावे आणि दुपारी चारच्या आत एका पानाची नोंद पाठवावी. त्यानंतरही कोंडीचीच बातमी आली, तर आपला निषेध पुराव्यानिशी असेल.

जय भीम!