मोटारीपर्यंत पोचण्याआधी वीज जाते कुठे?



विहिरीवरची मोटार जळाली की पहिला राग मोटार विकणाऱ्यावर निघतो, दुसरा वायरमनवर आणि तिसरा वीज कंपनीवर. पुष्कळदा तो वाजवीही असतो. परंतु मीटरच्या पेटीपासून विहिरीपर्यंत आपणच ओढलेल्या तारेकडे फारसे कोणी पाहत नाही. गव्हाच्या ओंब्या भरत असताना मोटार भरायला टाकावी लागली, तर एक पाळी चुकते आणि दाणा बारीक राहतो. तेव्हा आज थोडे गणित करू. एक भागाकार आणि एक गुणाकार, एवढेच. घरात नववी-दहावीतला मुलगा किंवा मुलगी असेल तर शेजारी बसवून घ्या. त्यांच्या विज्ञानाच्या पुस्तकात हे आहेच.

टाकी जितकी उंच तितका पाण्याचा दाब जास्त. नळीतून किती पाणी वाहते तो प्रवाह. नळी अरुंद आणि लांब असेल तर अडथळा जास्त. विजेचेही तसेच. दाब व्होल्टमध्ये, प्रवाह अँपिअरमध्ये आणि अडथळा, म्हणजे रोध, ओहममध्ये मोजतात. ओहम हे जर्मनीतील शिक्षक होते. त्यांनी हा नियम १८२७ साली प्रसिद्ध केला. दाबाला प्रवाहाने भागा, रोध मिळतो. दाबाला प्रवाहाने गुणा, शक्ती वॅटमध्ये मिळते.

आता हे शेतात लावू. समजा मीटरपासून विहीर २०० मीटर आहे, मोटार सिंगल फेजची आहे आणि तार अॅल्युमिनियमची, अडीच एमएमची आहे. वीज बंद करून वायरमनकडून मोटार सोडवून घ्या आणि तिच्या जागी २००० वॅटची कॉइलची शेगडी जोडायला सांगा. मग वीज सुरू करून त्याने तीन आकडे घ्यावेत: मीटरजवळचा दाब, शेगडीजवळचा दाब आणि तारेतला प्रवाह. प्रवाह टाँग टेस्टरने मोजतात. त्याचा चिमटा एकाच तारेभोवती धरायचा. दोन्ही तारा एकत्र धरल्या तर जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना खोडतात आणि काटा शून्यावर राहतो. हे काम जाणकारानेच करावे. ओल्या वाफ्यात उभे राहून हौस करू नये.

समजा मीटरजवळ २२० व्होल्ट, शेगडीजवळ १८६ आणि प्रवाह ७ अँपिअर निघाला. वाटेत ३४ व्होल्ट गेले. ३४ भागिले ७ म्हणजे जवळजवळ ४.९ ओहम, हा तुमच्या तारेचा रोध. ही तार चांगली असेल तर तिचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. जाऊन-येऊन ४०० मीटर, म्हणजे ४.८ ओहम. हिशेब जुळला, तार धड आहे, फक्त बारीक आहे. याच लांबीला ७ किंवा ८ ओहम निघाले असते, तर कुठेतरी सांधा कुजला आहे असे समजावे.

आता गुणाकार. ३४ गुणिले ७ म्हणजे २३८ वॅट वाटेतच तार तापवण्यात गेले. शेगडीला मिळाले १८६ गुणिले ७, म्हणजे १३०२ वॅट. दुकानातून २००० वॅटची आणलेली शेगडी इथे तेराशेची झाली!

शेगडी बिचारी कमी विजेत कमी तापते आणि गप्प बसते. मोटार तशी नाही. तिच्यावर पाण्याचा भार तोच असतो, म्हणून दाब घसरला की ती जास्त प्रवाह ओढते. तारेत जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर नुकसान चौपट. सुरू होताना तर मोटार चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट मागते. बारीक तार तेवढा देऊ शकत नाही, आणि मोटार नुसती घूं-घूं करत तापते. एक खुलासा: मोटारीचे व्होल्ट आणि अँपिअर गुणले तर येणारा आकडा खऱ्या वॅटपेक्षा जास्त असतो, कारण मध्ये पॉवर फॅक्टर येतो. व्होल्टला अँपिअरने भागून तिच्या वाइंडिंगचा रोधही मिळत नाही. म्हणून तर आपण शेगडी जोडली.

मोटार ८ अँपिअर घेत असेल तर ६४ गुणिले ४.९, म्हणजे सुमारे ३१४ वॅट या तारेत जातात. तीच तार सहा एमएमची घातली तर रोध १.८४ ओहमवर येतो आणि नुकसान ११८ वॅटवर. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे वीजबिल राज्य शासनाने एप्रिल २०२४ पासून माफ केले आहे, तेव्हा तारेत थोडी वीज गेली तर बिघडले कुठे, असे कोणी म्हणेल. पण मोटार भरण्याचे पैसे शासन देत नाही, आणि रात्री आठ तास मिळालेल्या विजेत पाणीही कमी पडते.

सांध्याचे तर विचारूच नका. तांब्याची आणि अॅल्युमिनियमची तार एकमेकींना पिळून वर टेप गुंडाळायची आपल्याकडे रीतच आहे. ओल लागली की तो सांधा गंजतो. त्यावर ५ व्होल्ट जरी पडले तरी ८ अँपिअरला ४० वॅट झाले. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाग द्यायची कांडी साधारण तेवढ्याच वॅटची असते! अशा ठिकाणी बायमेटल लग दाबून घ्यावा.

तीन फेजला परतीची तार नसते, म्हणून एकाच तारेची लांबी धरा आणि घट काढताना प्रवाह गुणिले रोध याला आणखी १.७३ ने गुणा. त्याच २०० मीटर तारेवर पाच अश्वशक्तीची मोटार साडेसात अँपिअर घेत असेल तर घट जास्तीत जास्त ३१ व्होल्ट येते, तीही ४१५ मधून. सिंगल फेजवर ८ अँपिअरला ती ३९ पर्यंत जाते, आणि २३० मधून. विहीर लांब असेल आणि तीन फेज मिळत असेल, तर नवी मोटार घेण्याआधी हे दोन आकडे शेजारी-शेजारी मांडून पाहावेत.